अब्बांच्या दाढीचा सेंट

रविवार, ६ सप्टेंबर

प्रिय आपास,
स. वि. वि.

फोनवर तू दोनदा विचारलंस की अब्बांचा आवाज असा बसल्यासारखा का येतोय, आणि मी दोन्ही वेळा सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. घर दीड खोल्यांचं आणि अब्बांचे कान तुला माहीत आहेत, म्हणून बोलता आलं नाही. दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून लिहिते आहे, तेव्हा कागदावर पांढरी भुकटी दिसली तर ती काचेची आहे, झटकून टाक.

तू पाठवलेला सेंट अब्बांना फार आवडला होता, हे आधी सांगते. थोरल्या लेकीच्या कारखान्यातला म्हणून शेजारच्या निवृत्त पोस्टमनकाकांना बाटली दाखवून झाली. परवाच्या शुक्रवारी आंघोळ करून, दाढीवर फवारा मारून, आरशात दोनदा बघून ते मशिदीत गेले. अजान त्यांनीच दिली, तू जन्मायच्या आधीपासून तेच देतात तशी. मग पहिल्या रांगेत आपल्या जागेवर उभे राहिले. शेजारी मशिदीचे अध्यक्ष, म्हणजे मशिदीला लागून ज्यांचं दुकान आहे ते अत्तरवाले. त्यांनी नाक वर केलं, हुंगलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दारू फासून अल्लाहसमोर उभे राहता?"

अब्बांना वाटलं ते दुसऱ्या कुणाला बोलताहेत. म्हणून सगळ्यांबरोबर तेही मागे वळून बघायला लागले. मग अत्तरवाल्यांनी त्यांची बाही धरली आणि त्यांना रांगेतून बाहेर काढलं. बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं असतं, असल्या माणसाची नमाज होत नाही आणि शेजारच्याचीही बिघडते, असं बरंच बोलले. अब्बा नळावर गेले, साबण लावून दाढी खसाखसा धुतली. तोवर नमाज सुरू झाली होती. शेवटच्या रांगेत, चपलांजवळ, ओल्या सदऱ्याने ते उभे राहिले.

हे मला पोस्टमनकाकांनी सांगितलं. अब्बा घरी येऊन तसेच ओले बसून होते. दुसऱ्या दिवसापासून अजान अत्तरवाल्यांचा पुतण्या देतो. त्या वेळेला अब्बा खिडकी लावून घेतात.

आता घरातली एकेक बाटली तपासणं चालू आहे. माझ्या क्रीमच्या डबीवर भिंगातून त्यांना 'सीटाइल अल्कोहोल' दिसलं. डबी वर्तमानपत्रात गुंडाळून दाराबाहेर गेली. दाढीनंतर लावायचं पाणी गेलं, हाताला लावायचं औषध गेलं. खोकल्याच्या औषधाकडे ते चोराकडे बघावं तसं बघतात. तू तूर्त काही पाठवू नकोस, साबणाची वडीसुद्धा नको.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
छोटी


गुरुवार, १० सप्टेंबर

प्रिय छोटीस,
स. वि. वि.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा न उघडता घरी परत आणला. त्या माणसाने बाही कुठल्या हाताने धरली, हे पोस्टमनकाकांना विचारून ठेव. मला तो हात नीट लक्षात ठेवायचा आहे.

आधी तुझी क्रीम. ती डबी उचलून आण. सीटाइल अल्कोहोल म्हणजे मेणाचे पांढरे तुकडे असतात, आमच्याकडे पोत्यांनी येतात. दारूशी त्याचं नातं फक्त आडनावापुरतं. खाल्लं तर पोट बिघडेल, झिंग येणार नाही. सेंटचं मात्र तसं नाही. त्यात स्पिरिट असतं, बाटलीत बहुतेक तेच असतं. माल तपासायच्या खोलीत दिवसभर तेच हुंगत बसते मी, त्यामुळे मला त्याचा वास येईनासा झाला आहे आणि बाटली बांधताना हा विचारही डोक्यात आला नाही. असो. त्याबद्दल अब्बा मला काय हवं ते बोलू देत.

पण चारचौघांत बोलण्याचा हक्क त्या नाकाला कुणी दिला? यापुढे मी त्यांना नाकच म्हणणार. अब्बांना बाजूला घेऊन कानात सांगितलं असतं तर अब्बा मुकाट्याने दाढी धुऊन आले असते. त्यांना सांगायचं नव्हतं, त्यांना पाडायचं होतं. पुतण्याला अजानीच्या जागेवर बसवायचं कधीपासून चाललं होतं, ते तूच मला मागे लिहिलं होतंस.

आता एक काम कर. नाकाच्या दुकानात जा आणि 'अल्कोहोलविरहित' लिहिलेली फवाऱ्याची एक बाटली घे. तेलातलं अत्तर नको, फवाऱ्याचीच घे. मनगटावर मार. तेलातलं अत्तर चकाकत राहतं. स्पिरिट असेल तर गार लागेल आणि बघता बघता वाळून जाईल. मग मला कळव. मला ते दुकान बंद झालेलं बघायचं आहे, शटरला गंज चढलेला, पायरीवर कुत्री झोपलेली. तोवर झोप लागेल असं वाटत नाही.

अब्बांना जप. तुझ्यावरचा लोभ वाढतोच आहे, कमी होण्याची आशा धरू नकोस.

तुझी,
आपा


बुधवार, १६ सप्टेंबर

प्रिय आपास,
स. वि. वि.

गार लागलं, आपा. बर्फाचा खडा ठेवावा तसं. सेंटचं नाव विचारेपर्यंत मनगट कोरडं. आमच्याकडे काचांवरचे डाग काढायला जी स्पिरिटची बाटली असते, तिनेही हात असाच गार पडतो. वर लेबलावर मोठ्या हिरव्या अक्षरात 'अल्कोहोलविरहित'.

मी ती बाटली घरी नेली नाही, दुकानात माझ्या खणात ठेवली आहे. आणि योग बघ, परवा नाक स्वतःच आमच्याकडे आलं. नंबर बदललाय, नवीन काचा हव्यात. डॉक्टरांनी लिहिलेला कागद माझ्या हातात, यंत्र माझ्या हातात. काच जराशी तिरकी बसवली असती तर महिनाभर गडी जिन्याच्या पायऱ्या चुकला असता आणि डोकेदुखी कशाची ते त्याला कळलं नसतं. मी काच खरंच तिरकी धरली होती. मग मालकांनी हाक मारली आणि मी ती सरळ बसवली. रागावू नकोस. माझ्या हातून आजवर एकही काच वाकडी गेलेली नाही, ती पहिली त्याच्या नावावर जायला नको.

पैसे देताना त्याने अब्बांची चौकशी केली. म्हणाला, म्हातारपणी माणसाला भान राहत नाही, आम्ही समजून घेतो. मी सुटे पैसे त्याच्या हातात न देता काउंटरवर ठेवले. तेवढंच जमलं.

मौलानांना मी रस्त्यात गाठलं. तरुण आहेत, घर मशिदीने दिलेलं, आणि कमिटीत नाक. मी विचारलं की स्पिरिट लावून नमाज होते का. ते म्हणाले की यात मतं आहेत. तुमचं मत काय विचारलं तर म्हणाले, पाऊस येईलसं वाटतं. आभाळ अगदी निरभ्र होतं.

अब्बांचं जेवण निम्म्यावर आलंय. नमाज घरीच पढतात, कपाटाकडे तोंड करून. काल सहज म्हणाले की आपल्या आवाजात आता दम उरला नव्हता, बरंच झालं. आपा, हे ऐकल्यापासून माझाही तुझ्यासारखाच विचार चालू झाला आहे. सांग काय करायचं. फलक लिहायचा तर रंग मी आणते.

लोभ आहे तो माझ्या वाटणीचा राखून ठेव.

तुझी,
छोटी


मंगळवार, २२ सप्टेंबर

प्रिय छोटीस,
स. वि. वि.

फलकाचा मजकूर माझ्या डोक्यात तयार होता. 'यांच्या बाटलीत तेच आहे ज्यासाठी यांनी अजान देणाऱ्याला रांगेतून ओढलं.' वाचून कुणी त्याच्या दुकानाची पायरी चढला नसता. फक्त मागे एखाद्या जाणत्या माणसाचं नाव हवं, म्हणून मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या उस्तानींकडे गेले. बायकांना दीन, म्हणजे धर्म, शिकवतात, सत्तरी उलटली आहे, चुकीचं बोलणाऱ्याला अर्ध्यात थांबवतात. मला वाटलं होतं पाच मिनिटांत हराम म्हणतील आणि मी खाली येऊन तुला लिहीन.

त्यांनी मला बसवूनच घेतलं. म्हणाल्या, नशा आणणारं पिणं हराम, त्यात कुणाचं दुमत नाही. दुमत आहे ते अंगाला लावायच्या स्पिरिटबद्दल. काही उलेमा ते नापाक धरतात, कपड्याला लागलं तर धुवायला सांगतात. पण पुष्कळ जण, आजचे तर बरेच, म्हणतात की द्राक्ष-खजुराच्या दारूचा हुकूम कारखान्यात बनलेल्या स्पिरिटला लागत नाही. ते लावलं म्हणून नमाज मोडत नाही. उस्तानी स्वतः हेच मानतात. तरी त्या लावतात तेलातलंच अत्तर. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, ती माझी खबरदारी आहे, ती मी माझ्यापुरती घेते, शेजारणीचा पदर हुंगत फिरत नाही.

मग मी त्यांना सगळं सांगितलं, फलकासकट. त्या म्हणाल्या, "त्याच्या बाटलीला हराम म्हणालीस तर बापाच्या दाढीलाही म्हणालीस. मग त्याने बाही धरली ते बरोबरच झालं."

छोटे, मी जिना उतरताना त्यांच्यावर इतकी चिडले होते की सलाम करायचा राहिला. पण बाईंनी नेमकं बोट ठेवलं आहे. त्याला त्याच्याच फासात अडकवायचं तर तो फास खरा आहे असं आपल्याला म्हणावं लागतं. अब्बांना सोडवायचं तर त्याची बाटलीही सुटते. दोन रात्री मी हे उलटसुलट करत होते. एकदा तर ठरवलं होतं की जाऊ दे अब्बांचं, दुकान तर बुडेल. मग स्वतःचीच भीती वाटली.

आता माझं ठरलंय. आपण काही म्हणायचंच नाही. म्हणायचं त्याने. लोकांसमोर विचार की या बाटलीत स्पिरिट आहे का, आणि असलं तर नमाज होते का. नाही म्हणाला तर लोकांचं मनगट आहेच. हो म्हणाला तर अब्बांची सुटका त्याच्याच तोंडून होते, आणि जन्मभर त्याला ते वाक्य गिळता येणार नाही. दुकान बुडण्यापेक्षा मला आता हेच गोड लागतंय.

आवाज चढवू नकोस. गरीब गाय होऊन जा.

पत्राची वाट बघते आहे, लोभाची नाही, तो गृहीत धरलाय.

तुझी,
आपा


रविवार, २७ सप्टेंबर

प्रिय आपास,
स. वि. वि.

झालं. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू फोन करशील आणि अब्बा ऐकतील.

काल दुपारची नमाज सुटल्यावर लोक नाकाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसतात तेव्हा गेले. पोस्टमनकाका होते, कोपऱ्यावरचे शिंपी होते, मौलाना चहा पीत होते, आणखी चार-सहा जण उभे. मी खणातली बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि म्हटलं की ही घेतली खरी, पण अब्बांचं झाल्यापासून आम्हाला भीती बसली आहे, ही लावून नमाज चालेल ना. नाक खूश झालं. मोठ्या आवाजात म्हणालं की निर्धास्त लावा, आमच्याकडे थेंबही नसतो. मी पोस्टमनकाकांना मनगट पुढे करायला सांगितलं आणि फवारा मारला. काकांनी हात झटकला आणि गार लागतंय म्हणाले. शिंप्यांनी स्वतःहून हात पुढे केला. त्यांचाही वाळला. मी एवढंच म्हटलं की आमच्या काचा पुसायच्या स्पिरिटनेही हात असाच गार पडतो, मला त्यातलं कळतं थोडं.

 नाकाने बाटली उलटसुलट केली, माल बाहेरून येतो म्हणालं, कारखानदार काय घालतो ते आपल्याला कसं कळणार म्हणालं. शिंप्यांनी विचारलं की मग आम्ही इतकी वर्षं लावून पढलो त्या नमाजांचं काय. आपा, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मौलानांकडे बघितलं. मौलानांनी चहाचा पेला खाली ठेवला, आणि मला वाटलं आता हे पुन्हा पावसावर जाणार. पण ते म्हणाले की अध्यक्षसाहेब, तुमचं दुकान आहे, तुम्हीच सांगा.

तेव्हा नाक म्हणालं, "वरून लावायला हरकत नाही. पिणं हराम आहे, लावून नमाज होते."

मी विचारलं, "मग अब्बांची का नव्हती होत?"

गरीब गाय व्हायचं ठरलं होतं, पण आवाज फाटला माझा. बाकावरचे सगळे पायांकडे बघत होते. पोस्टमनकाका उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी बाटली तिथेच सोडली आणि आले.

तुला वाटेल आता घरी आनंदीआनंद असेल. बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. अब्बांनी विचारलं की तुला हे करायला कुणी सांगितलं. मी तुझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, तुझ्या एकटीच्या डोक्यातलं हे नाही. मग कपाटाकडे तोंड करून बसले. जेवले मात्र पोटभर, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पुढचं कळवते. लोभ असू दे, सध्या घरात मला फारसा मिळत नाहीये.

तुझी,
छोटी


शनिवार, ३ ऑक्टोबर

प्रिय आपास,
स. वि. वि.

तुझं नाचतनाचत लिहिलेलं पत्र मिळालं. आता हे वाच.

मंगळवारी संध्याकाळी नाक आपल्या घरी आलं. एकटं, हातात फळांची टोपली, नवा चष्मा नाकावर. अब्बांनी त्याला खुर्ची दिली, मला चहा करायला सांगितलं. नाक म्हणालं की गैरसमज झाला, आपली जुनी ओळख, पोरीबाळींनी उगाच वाढवलं, आता मनात काही ठेवू नका. अब्बा त्याचा चहा संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "बाहेर काढलंत ते सगळ्यांसमोर. माफी घरात नको."

एवढंच. फळांची टोपली त्यांनी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली आणि दार उघडून उभे राहिले. आपा, मी अब्बांना असं कधी बघितलं नव्हतं. आपण दोघी त्यांच्यासाठी लढत होतो आणि ते आपल्यापेक्षा दहापट रागावलेले होते. आपल्यालाच कळलं नाही.

काल शुक्रवार होता. काय झालं ते मी सांगणार नाही. तुला स्वतःच लिहिणार आहेत म्हणाले. माझं लिहिणं बंद, असा हुकूम आहे.

लोभाचं आता त्यांच्याकडूनच घे.

तुझी,
छोटी


शनिवार, १७ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
अ. उ. दुवा.

तुझी पत्रं मी वाचलेली नाहीत. घर दीड खोल्यांचं असलं तरी तेवढी रीत मला आहे. पण छोटीच्या डोक्यात एवढं कुठून आलं हे कळायला पत्र वाचावं लागत नाही. लहानपणी खोड्या तू काढायचीस आणि मार खायला ती पुढे यायची.

बेटा, अपमान माझा झाला होता. त्याचं काय करायचं ते मी ठरवत होतो. मला वेळ लागतो. तुम्ही दोघींनी मला न विचारता माझा राग आपसात वाटून घेतला, याचं मला वाईट वाटलं. मी अजून आहे. माझ्या वाटणीचा राग माझ्याकडे राहू द्यावा.

आता काय झालं ते सांगतो. ज्या शुक्रवारचं छोटीने तुला लिहिलं नाही, त्या शुक्रवारी मी मशिदीत गेलो आणि पहिल्या रांगेत माझ्या जागी उभा राहिलो. कुणी अडवलं नाही. नमाज संपल्यावर अध्यक्ष उठले. लोक निघायच्या बेतात होते, त्यांना थांबवलं आणि म्हणाले की यांना मी चुकीचं बोललो, यांची नमाज होत होती, सगळ्यांसमोर मी यांची माफी मागतो. चष्मा काढून पुसत होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आता उठून त्यांना मिठी मारणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. माझीही होती.

पण मला तो नळ आठवला. मी म्हणालो, "ऐकलं. माफ करायला मला वेळ लागेल." आणि घरी आलो.

मौलाना समजावायला आले होते. माफ करणाऱ्याचा दर्जा मोठा, असं म्हणाले. मला माहीत आहे. हे मी त्यांच्या वडिलांच्या वयाच्या लोकांकडून ऐकलं आहे. मी त्यांना सांगितलं की दर्जा मला हवा आहे, फक्त आजच नको.

अजान पुन्हा मी देतो. पुतण्याचा गळा वाईट नाही, पण श्वास कुठे घ्यायचा ते त्याला कळत नाही. ते मी त्याला सांगितलेलं नाही.

तुझ्या सेंटबद्दल. तुझ्या उस्तानींचं म्हणणं छोटीने सांगितलं, मला ते पटलं. इतर दिवशी मी तो लावतो. शुक्रवारी लावत नाही, कारण मनात बारीकशी शंका राहिली की लक्ष तिकडे जातं. हे अध्यक्षांना कळता कामा नये. त्यांनी समजावं की शुक्रवारच्या घाईत माझ्याकडून लावायचा राहून जातो.

ते दर शुक्रवारी नमाज झाल्यावर माझ्याजवळ येतात. माणूस थकल्यासारखा दिसतो. हळूच विचारतात की झालं का मन साफ. मी सांगतो, अजून नाही, पुढच्या शुक्रवारी बघू. काल पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. मरायच्या आधी मी त्यांना माफ करणार आहे, हे नक्की. पण सध्या जेवण बरं जातं, झोप लागते, आवाजही सुटला आहे. मरायची मला काही घाई नाही.

तू डबा वेळेवर खात जा. दोघींवर माझी माया सारखीच आहे, भांडू नये.

तुझा,
अब्बा